बाई, एक विचारू?

प्रश्न : बाई, मी तारकर्लीचा. वय २७. घरच्या तीन खोल्या पर्यटकांना देतो. बाबा अजून गिलनेटची (पाण्यात उभं सोडायच्या जाळ्याची) होडी घेऊन जातात. मालवणात दर शनिवारी आम्ही दहा-बारा जण इंग्रजी बोलायला जमतो. विषय असतात जगातल्या संस्कृती, समाज, चालू घडामोडी. गेल्या वेळी ‘ग्लोबलायझेशन’ होतं. मी अग्रलेखातली चार वाक्यं पाठ करून गेलो, दोन बोललो आणि पुढचं विसरलो. बाकीचे फाडफाड बोलतात. मला जगातलं काय कळतं? आधी व्याकरणाचं पुस्तक संपवू आणि मग जाऊ का?
— एक वाचक, तारकर्ली

उत्तर : नको रे बाबा. व्याकरणाचं पुस्तक संपवून मग बोलायला लागलेला माणूस मी ३४ वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही. पुस्तक संपेपर्यंत तुझी मुलं बोलायला लागतील.

पाठ केलेली वाक्यं विसरलास, बरं झालं. ती तुझी नव्हतीच. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी शिक्षकांच्या एका शिबिरात मला ‘संयुक्त राष्ट्रांची भूमिका’ यावर बोलायला उभं केलं होतं. एक वाक्य कसंबसं बाहेर पडलं, दुसरं घशात अडकलं, मी खाली बसले. दुपारी जेवताना तिथल्याच एका परदेशी बाईंनी माझ्या डब्यातल्या सोलकढीकडे बोट दाखवून ‘हे काय?’ म्हणून विचारलं. मग अर्धा तास मीच बोलत होते. कोकमं कधी उतरवतात, आगळ कसं करतात, नारळाचा रस दुसऱ्यांदा काढला तर कढी पातळ का होते. चुका ढिगानं झाल्या असतील. पण बाईंनी दुसऱ्या दिवशी आगळाची बाटली कुठं मिळेल ते विचारलं.

आता तुझं ‘मला जगातलं काय कळतं?’ हे वाक्य. याचा मला राग आला. तुमच्या घरात रोज रात्री १२ सागरी मैलांवरून, म्हणजे राज्याच्या समुद्रातल्या हद्दीवरून, गजाली होत असतील. परराज्यातले ट्रॉलर (जाळं ओढत नेणाऱ्या मोठ्या बोटी) आत येतात, एलईडी दिवे लावून मासळी ओढतात, पर्ससीनवाले (मासळीच्या थव्याला जाळ्यानं वेढा घालणारे) आणि गिलनेटवाले एकमेकांची तोंडं बघत नाहीत. ही चालू घडामोड नाही तर काय आहे?

आणि ती फक्त मालवणची नाही. आइसलँड नावाचा देश नकाशात वर, बर्फाच्या शेजारी सापडेल. त्यांचंही पोट मासळीवर. आपल्याकडे बांगडा तसा तिकडे कॉड. १९५८ साली त्यांनी जाहीर केलं की किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत परक्या ट्रॉलरनी यायचं नाही. १९७२ मध्ये ही हद्द ५० मैलांवर नेली, १९७५ मध्ये २०० वर. ब्रिटनच्या ट्रॉलरवाल्यांनी ते मानलं नाही. ब्रिटिश नौदलाच्या युद्धनौका त्यांच्या राखणीला आल्या. आइसलँडला तर स्वतःचं सैन्यच नाही! तटरक्षक दलाच्या मोजक्या बोटी. त्या बोटींनी काय केलं ते बाबांना सांग, खूश होतील. मागे एक कापणारा आकडा ओढत ट्रॉलरच्या मागून आडव्या जायच्या आणि जाळ्याची तार तोडून टाकायच्या. जाळं तळाला, ट्रॉलर रिकामा घरी. १९७६ मध्ये ब्रिटननं माघार घेतली. तेव्हा त्या देशाची लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत आपला सिंधुदुर्ग साडेआठ लाखांचा आहे. (तारा कापायला जा असं मी सांगत नाही. बाबांनाही आधीच बजावून ठेव.)

येत्या शनिवारी एवढंच बोल : ‘माय फादर फिशेस फ्रॉम अ स्मॉल बोट. बिग बोट्स कम ॲट नाइट. दे टेअर हिज नेट्स.’ सगळा साधा वर्तमानकाळ, सातवीतल्या पोरालाही येईल. मग आइसलँडची गोष्ट जमेल तेवढी सांग आणि सगळ्यांना विचार, ‘हू ओन्स द फिश?’ प्रश्न टाकणं हेही बोलणंच असतं, आणि त्यात सगळ्यांत कमी क्रियापदं लागतात. ग्लोबलायझेशनवर फाडफाड बोलता येतं, कारण त्यावर कोणी उलटून काही विचारत नाही. तुला विचारतील : टेअर कसं, भरपाई कोण देतं, पोलीस काय म्हणतात. त्याची उत्तरं तुझ्याकडे आहेत, शब्द शोधत शोधत देशील.

एक मात्र जपून. आपल्याकडे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘वी’. माझ्या बहिणीकडे वेंगुर्ल्याला एक फ्रेंच पाहुणी उतरली होती. आंगणेवाडीच्या जत्रेच्या दिवशी बहीण तिला म्हणाली, ‘वी आर गोइंग टू द टेम्पल.’ बहिणीच्या मनात ‘आम्ही’. पाहुणीनं ऐकलं ‘आपण’. ती न्हाऊन, नवा कुर्ता घालून, सगळ्यांच्या आधी रिक्षात जाऊन बसली. रिक्षात जागा मोजकी. शेवटी भाच्याला उतरवलं, आणि तो अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा भोकाड पसरून रडला.

चर्चेत हेच होतं. ‘वी डोन्ट सेंड अवर पेरेंट्स टू ओल्ड एज होम्स’ असं कुणी ठोकून देतं. हे ‘वी’ म्हणजे कोण? तुझं घर, वाडी, मालवण, की आख्खा भारत? ‘पीपल इन माय वाडी’ म्हण. वाडी तशीच राहू दे, तिला व्हिलेज करू नकोस. ऐकणारा विचारेल वाडी म्हणजे काय, आणि तुला आणखी पाच वाक्यं बोलायला मिळतील. आणि पटलं नाही तर आपल्यासारखं ‘छे, कायतरीच!’ नको. ‘आय ॲम नॉट सो शुअर’ एवढं म्हणून थांब. समोरचा आपणहून पुढे बोलतो.

प्रश्न : माझे यजमान जहाजावर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, आहेत. मुलगी दहावीला आहे, ती म्हणते आई रोज इंग्रजी पेपर वाच. मी वाचते, पण शब्द डिक्शनरीत बघत एका बातमीला दीड तास जातो आणि दुसऱ्या दिवशी ती बातमीच नसते. काय करू?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : रोज नवी बातमी कशाला वाचता? एकच धरा आणि महिनाभर तिची पाठ सोडू नका. तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात, चौथ्या दिवशी डिक्शनरी मिटते.

तुमच्यासाठी मीच निवडून देते. ‘एव्हर गिव्हन’. २३ मार्च २०२१ ला हे ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं रुतलं. वरचे २५ च्या २५ खलाशी भारतीय. त्या आठवड्यात यजमान फोनवर दुसरं काही बोलले नसतील. मालक जपानचे, झेंडा पनामाचा, चालवणारी कंपनी तैवानची, कालवा इजिप्तचा. म्हणजे ‘ओन्ड बाय’, ‘रजिस्टर्ड इन’, ‘ऑपरेटेड बाय’. मुलीच्या पुस्तकात याला पॅसिव्ह व्हॉइस म्हणतात आणि ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ असलं काहीतरी करायला लावतात. असं कोण बोलतं हो? जहाजाच्या बातमीचं मात्र त्याच्यावाचून पान हलत नाही.

बातम्यांत ‘स्प्रिंग टाइड’ दिसेल. डिक्शनरी स्प्रिंग म्हणजे वसंत सांगेल, ते सोडून द्या. इथं स्प्रिंग म्हणजे उसळणं. आपलं उधाण! २८ तारखेला होळीची पौर्णिमा होती. ड्रेजरनी वाळू उपसली, टगनी ओढलं, उधाणाच्या भरतीनं हात दिला आणि २९ ला, धुळवडीच्या दिवशी, जहाज सुटलं. पुढेमागे ‘नीप टाइड’ दिसलं तर तो आपला भांग, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं ते दिवस.

सुटल्यावरही भरपाईच्या वादापायी इजिप्तनं ते जहाज जुलैपर्यंत अडकवून ठेवलं होतं. तेवढा भाग वाचू नका. यजमान घरी आले की त्यांनाच इंग्रजीतून विचारा, आणि मुलीला मध्ये बोलू देऊ नका.