वाचकांचे प्रश्न : बेपत्ता मुलगी, 'फरारी' मुलगा आणि गल्लीने चालवलेला तपास

प्रश्न : आमच्या गावातील एकोणीस वर्षांची एक मुलगी दीड महिन्यापूर्वी घरातून गेली ती परतली नाही, आणि ज्याच्याबरोबर ती गेली असे बोलले जाते तो तरुणही सापडत नाही. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोघांचे फोटो, मुलाच्या घराचा पत्ता आणि त्याच्या आईचा फोन नंबर रोज फिरतो आहे. मी हरकत घेतली तेव्हा मंडळाच्या पोरांनी अमेरिकेतील २०२१ च्या प्रकरणाचा दाखला दिला. तिथे पोलिसांना न दिसलेली गाडी लोकांनीच शोधली, मग आमचे काय चुकले, असे ते विचारतात. त्यांना काय सांगावे?
— निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका

उत्तर : पोरांनी दिलेला दाखला खरा आहे, फक्त त्यांनी तो अर्ध्यावर सोडला आहे. होणाऱ्या नवऱ्याबरोबर व्हॅनमधून भटकंतीला निघालेली गॅबी पेटिटो ही बावीस वर्षांची तरुणी बेपत्ता असल्याची तक्रार ११ सप्टेंबर २०२१ रोजी नोंदवली गेली. तो मात्र १ सप्टेंबरलाच तिची व्हॅन घेऊन फ्लोरिडातील घरी एकटा परतला होता. प्रवासाचे व्हिडिओ करणाऱ्या एका जोडप्याने आपले जुने चित्रण पुन्हा पाहिले, तेव्हा त्यात वायोमिंगच्या जंगलाकडेला उभी असलेली ती पांढरी व्हॅन त्यांना दिसली. त्यांनी ते चित्रण तपास यंत्रणेला दिले आणि १९ सप्टेंबरला त्याच परिसरात तिचा मृतदेह सापडला. आपण काय पाहिले, कुठे आणि कोणत्या दिवशी पाहिले, एवढेच त्या जोडप्याने सांगितले. खून कोणी केला हे त्यांनी ठरवले नाही.

आता उरलेला अर्धा भाग. तोवर तो तरुणही नाहीसा झाला होता आणि देशभरातून 'तो इथे दिसला' असे निरोप येऊ लागले. त्याच्याशी चेहरा जुळतो म्हणून पायी भटकंतीला निघालेल्या एका निरपराध माणसाच्या हॉटेलच्या खोलीत शस्त्रधारी अधिकारी शिरले. तरुणाच्या आईवडिलांच्या घरासमोर अनोळखी माणसे भोंगे घेऊन दिवसेंदिवस ओरडत होती. प्रत्यक्षात २० ऑक्टोबरला त्याचे अवशेष मिळाले ते घराजवळच्याच एका राखीव जंगलात, आणि त्याने खुनाची जबाबदारी घेतल्याचे शेजारी सापडलेल्या वहीतून पुढे कळले. त्याच्यावर निघालेले अटक वॉरंटसुद्धा खुनाचे नव्हते, दुसऱ्याचे बँक कार्ड वापरल्याचे होते. जमावाने मात्र ओरडण्यापूर्वी वॉरंट वाचले नव्हते.

परंतु एवढ्या लांब जाण्याची गरज नाही. डिसेंबर २०२३ मध्ये, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन चालू असतानाच, आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील न्यू वंटमुरी गावात एक मुलगी एका तरुणाबरोबर निघून गेली आणि मुलीच्या नातेवाइकांनी त्या तरुणाच्या आईला घरातून ओढून काढले, विवस्त्र केले आणि खांबाला बांधून मारले. कर्नाटक उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. निपाणीत जन्मलेले न्यायमूर्ती प्रसन्न वराळे तेव्हा मुख्य न्यायाधीश होते. त्यांच्या खंडपीठाला मारणाऱ्यांइतकाच राग बघत उभ्या राहिलेल्या पन्नास-साठ जणांचा आला, कारण मध्ये पडण्याचे धाडस एकाच माणसाने केले आणि त्यालाही मार बसला. पुढे त्या माउलीला भेटायला येणाऱ्यांची रीघ लागू नये म्हणून रुग्णालयातील भेटींवर निर्बंध घालणेही न्यायालयाला भाग पडले. आपल्या ग्रुपवर मुलाच्या आईचा नंबर फिरतो आहे असे आपण लिहिता, तेव्हा मला सर्वांत आधी वंटमुरी आठवते. तो नंबर आजच पुसायला लावा, आणि ग्रुपचे अ‍ॅडमिन ऐकत नसतील तर लेखी तक्रार द्या.

बीदर जिल्ह्यातील औराद भागात मराठी घरोघरी बोलली जाते. तिथल्या मुरकी गावात जुलै २०१८ मध्ये हैदराबादहून आलेल्या एका तरुण अभियंत्याला मुले पळवणारा समजून जमावाने ठार मारले. त्याच्या बरोबरच्या मंडळींनी वाटेतल्या एका गावात मुलांना चॉकलेटे वाटली, एवढेच निमित्त झाले. गाडी पुढच्या गावात पोहोचण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप पोहोचला आणि लोकांनी रस्ता अडवला. त्याच महिन्याच्या १ तारखेला धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांचा असाच जीव गेला होता. एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, ही मर्यादा व्हॉट्सअ‍ॅपने भारतात घातली ती त्यानंतर.

आपल्या गावच्या प्रकरणात आणखी एक मुद्दा आहे, जो ऐकायला मंडळींना आवडणार नाही. एकोणीस वर्षांची मुलगी कायद्याने सज्ञान आहे. ती स्वखुशीने गेली असेल, तर पोलीस तिचा जबाब घेतील आणि प्रकरण तिथेच थांबेल, आणि तसे झाल्यास आज ज्याला 'फरारी' म्हटले जाते त्याने कोणताही गुन्हा केलेला नसेल. ती स्वखुशीने गेली नसेल, तर आज ग्रुपवर ठोकलेले अंदाज उद्या बचावपक्षाच्या वकिलाच्याच कामी येतील. त्यामुळे ज्या कोणी तिला लोंढा स्थानकावर किंवा खानापूरच्या बसस्टँडवर पाहिले असेल, त्याने दिवस, वेळ, अंगावरचे कपडे आणि बसचा मार्ग कागदावर लिहून तपास अधिकाऱ्याला द्यावा किंवा ११२ वर कळवावा. फोटो पाठवायचाच असेल तर पोलिसांनी प्रसिद्ध केलेलाच पाठवावा, आणि ती सापडल्याचे कळताच तोही काढून टाकावा. बेपत्ता व्यक्ती अल्पवयीन असेल किंवा लैंगिक अत्याचाराचा गुन्हा दाखल असेल, तर ओळख उघड करणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरतो.

जाता जाता एक विचारतो. ऊसतोडीला अथणी-चिकोडीकडे आलेल्या टोळीतील एखादी बाई नाहीशी झाली, तर आपल्या ग्रुपवर तिचा फोटो किती दिवस फिरला असता? अमेरिकेतही हाच प्रश्न विचारला गेला, कारण त्या तरुणीचा शोध जिथे लागला त्याच वायोमिंग राज्यात २०११ ते २०२० या काळात ७१० मूळनिवासी माणसे बेपत्ता झाल्याची नोंद होती आणि त्यांच्यासाठी कोणी कॅमेरे लावले नव्हते.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ कामासाठी रोज कोल्हापूरला जातो. एका रात्री तो परतला नाही. इकडच्या पोलीस ठाण्यात 'महाराष्ट्रात जा' म्हणाले, तिकडे 'राहता तिथे जा' आणि 'चोवीस तास थांबा' म्हणाले. सीमेवर राहणाऱ्याने करावे तरी काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : चोवीस तास थांबण्याचा नियम कोणत्याही कायद्यात नाही. माणूस जिथे राहतो तिथल्या ठाण्याने बेपत्ता झाल्याची नोंद घेतलीच पाहिजे. अपहरणासारख्या दखलपात्र गुन्ह्याची माहिती असेल, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणाचीही असो, कोणत्याही ठाण्याने गुन्हा नोंदवून तो पुढे पाठवायचा असतो. कोगनोळीचा नाका ओलांडला म्हणून हा अधिकार संपत नाही. नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. बेपत्ता व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१३ च्या आदेशानुसार अपहरण किंवा मानवी तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवावा लागतो.

आपल्याकडे फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते, आणि पुष्कळ मराठी माणसे न समजताच सही करतात. ती वाचून दाखवणे बंधनकारक आहे आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. कन्नड वाचता येणारा माणूस सोबत न्या, आणि भावाच्या अंगावरच्या खुणा व फोनचा आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) बरोबर उतरला आहे ना, हे तपासूनच सही करा.

प्रश्न : माझा मुलगा एका मारामारीच्या गुन्ह्यात हवा आहे आणि वर्तमानपत्रात त्याचे नाव 'फरार' म्हणून छापून आले. तेव्हापासून गल्लीतील लोक आमच्याशी बोलत नाहीत आणि दोन जण 'आम्हीच पकडून देतो' म्हणून दारात आले. मी आई आहे. माझ्यावर काय जबाबदारी येते?
— एक माता, शहापूर, बेळगाव

उत्तर : ताई, वर्तमानपत्रातील 'फरार' आणि न्यायालयाने घोषित केलेला फरारी यांत अंतर आहे. वॉरंट निघूनही माणूस लपून राहिला, तर न्यायालय उद्घोषणा काढते आणि हजर होण्यासाठी किमान तीस दिवस देते. ती घराच्या दारावर चिकटवली जाते आणि वस्तीत मोठ्याने वाचली जाते. तसे आपल्याकडे झालेले नसेल, तर दारात आलेल्या त्या दोघांना त्याला पकडण्याचा अधिकार नाही. घोषित फरारी असला तरी त्याला धरणाऱ्या खाजगी माणसाने सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करायचे असते. मारण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आपल्या जबाबदारीविषयी मात्र स्पष्टच सांगतो. गुन्हेगाराला शिक्षेपासून वाचवण्यासाठी आसरा देणे हा गुन्हा आहे आणि आसऱ्यात जेवण, पैसे, कपडे, वाहन हे सगळे येते. कायद्याने यातून सूट दिली आहे ती फक्त पतीला किंवा पत्नीला. आईला दिलेली नाही. त्याचा फोन आला तर पैसे पाठवू नका. त्याला वकिलाचे नाव सांगा, वकिलाबरोबर न्यायालयात हजर व्हायला सांगा, आणि फोन कोणत्या दिवशी व किती वाजता आला हे वहीत लिहून ठेवा.