सालाचा हिशेब दोघांचा असतो

प्रश्न: भाऊ, मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये (कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना) सुपरवायझर आहे, सात वर्षं झाली. हाताखाली ३८ माणसं, दोन शिफ्ट. हेड ऑफिसनं सगळ्या सुपरवायझर लोकांना 'वर्षभराचं आत्मपरीक्षण' म्हणून एक फॉर्म पाठवला आहे, ३१ डिसेंबरच्या आत भरून द्यायचा. सगळ्यात मोठं यश काय, कमजोरी काय, टीमसाठी काय केलं, असे दहा प्रश्न. मागच्या वर्षी मी वीस मिनिटांत 'टीमला मोटिव्हेट केलं' वगैरे लिहून मोकळा झालो. यंदा तसं करायला मन होत नाही, कारण नोव्हेंबरमध्ये ऐन सीझनला माझे दोन फिटर आठ दिवसांच्या फरकानं सोडून गेले आणि दोघांनीही कारण सांगितलं नाही. खरंच स्वतःकडे बघायचं तर सुरुवात कुठून करू? आणि टाइम कुठून आणू, गेटवर कापसाच्या गाड्यांची लाइन लागलेली असते.
— एक वाचक, जि. वर्धा

उत्तर: भाऊ, पहिले एक सांगतो, फॉर्म वेगळा आणि आत्मपरीक्षण वेगळं. फॉर्म हेड ऑफिसच्या फायलीत जाणार, त्यावर तुमचं इन्क्रिमेंट ठरू शकतं, तिथं माणूस जपूनच लिहितो आणि त्यात काही गैर नाही. खरं लिहायला एक साधी वही घ्या, घरी ठेवा. आधी वही भरा, मग त्यातलं सांगण्यासारखं असेल तेवढं फॉर्ममध्ये उतरवा.

हे काम आपल्याकडे काही नवीन नाही. गुढीपाडव्याला सालगड्याचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल संपतं, मालक आणि गडी समोरासमोर बसतात, उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे किती झाले, खाडे किती पडले, धान्य किती ठरलं होतं अन् किती दिलं, सगळं निघतं आणि मगच पुढच्या सालाचं बोलणं होतं. उचलीपायी कित्येक गड्यांना मनात असून जाता यायचं नाही हेही खरं आहे, म्हणून त्या पद्धतीचे गोडवे मी गाणार नाही, पण त्यात एक गोष्ट मोलाची होती, मालक गड्याला तोलायचा तसा गडीही मालकाला तोलायचा, आणि कोणाकडे गडी टिकत नाही हे पाडव्यानंतर अख्ख्या गावाला माहीत व्हायचं. तुमच्या दोन फिटरनी त्यांचा हिशेब करून टाकला, तुमचा बाकी आहे.

सुरुवात हजेरी रजिस्टरपासून करा. नुसत्या आठवणीवर बसलात तर डिसेंबरच आठवेल, फार तर दिवाळी. जानेवारीपासून एकेक पान उलटा आणि खाडे कोणाचे, कधी, कुठल्या शिफ्टला पडले ते बघत जा.

मी हे का सांगतो, तर मी स्वतः १९ वर्षं एका दालमिलमध्ये मॅनेजर होतो. एका वर्षी बोनसच्या हिशेबासाठी रजिस्टर घेऊन बसलो तर मे महिन्याच्या पानांवर अर्ध्या दिवसाच्या खुणाच खुणा, आणि सगळ्या एकाच शेडच्या, जिथं बाया तूर निवडायच्या. त्या मे महिन्यात मी त्यांची मजुरी कापली होती, कामचुकार म्हटलं होतं, मुकादमासमोर म्हटलं होतं. ती शेड टिनाची. आपल्याकडचा मे तुम्हाला माहीत आहे, ४५ अंशांच्या वर जातो, दुपारी दोनला त्या टिनाखाली काय होत असेल. आणि माझ्या केबिनमध्ये कुलर. मी आठवून बघितलं, त्या पूर्ण महिन्यात दुपारी एक ते चार मी त्या शेडमध्ये एकदाही गेलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी तिथं जाऊन सगळ्यांसमोर म्हटलं की चुकलं माझं, कापलेले पैसे परत करतो. त्यातली एक म्हातारी बाई सुपातून नजर न काढता म्हणाली, "आमी सांगतलं होतं ना साहेब तुमाले, चैतातच सांगतलं होतं." आणि खरंच सांगितलं होतं, मी हो हो म्हणून फोन घ्यायला गेलो होतो. मला माहीत नव्हतं असं मी समजत होतो, पण मला सांगून झालं होतं. पुढच्या उन्हाळ्यात सकाळी ६ ते ११ आणि संध्याकाळी ४ ते ७ अशी वेळ केली, खाडे जवळजवळ थांबले. पण ते बोलणं आजही माझ्या कानात आहे.

तर वहीत पहिला प्रश्न हा लिहा, यावर्षी मला कोणी काय सांगितलं आणि मी त्याचं काय केलं. त्या दोन फिटरचंच घ्या. पहिल्या वेचणीचा कापूस ओला येतो, सीसीआय, म्हणजे कापूस खरेदी करणारं सरकारी महामंडळ, १२ टक्क्यांपर्यंतचाच ओलावा चालवून घेते पण व्यापाऱ्याच्या मालात त्याहून ओला पण येतो, मग मशीन जाम, मग फिटरला रात्री उठवा. नोव्हेंबरमध्ये किती रात्री उठवलं ते लॉगबुकमध्ये असेल, मोजा. त्यांनी 'साहेब, ओला माल आधी वाळवू द्या' म्हटलं होतं का, आठवा. मग एकाला फोन करा. काऊन गेला असं विचारू नका, तो 'घरचं काम होतं' म्हणेल. 'मी काय केलं असतं तर तू थांबला असता' असं विचारा आणि तो बोलेल तेव्हा मध्ये बोलू नका, सफाई देऊ नका, आणि त्याच फोनवर परत ये पण म्हणू नका, नाहीतर त्याला वाटेल त्यासाठीच विचारलं.

यशाच्या रकान्यात तुम्ही गाठींचा आकडा टाकाल, टाका, १७० किलोची एकेक गाठ मेहनतीनंच बांधली जाते. पण रुईचा उतारा, म्हणजे कापसातून निघणारी रुई, चांगला आला असेल तर त्यात कापसाचाही वाटा आहे, तो सगळा आपल्या नावावर लावू नका.

मजुरांना चिठ्ठ्या लिहायला लावू नका. ३८ माणसांत अक्षर ओळखू येतं आणि अर्ध्यांना लिहायचा कंटाळा. चहाच्या वेळी दोघा-तिघांजवळ बसा, मुकादम नसताना बसा, रेजांशी, म्हणजे मजूर बायांशी, वेगळं बोला. पहिल्या दिवशी कोणी काही बोलणार नाही, 'सगळं बरं आहे' म्हणतील. त्यांनी सांगितलेली एक छोटी गोष्ट, पाण्याचा माठ म्हणा, पंखा म्हणा, दोन दिवसांत करून दाखवा, मग तोंडं उघडतील. आणि कोण काय बोललं ते फॉर्ममध्ये नावानिशी कधीच लिहू नका.

टाइमचं म्हणाल तर आत्ता फक्त तीन संध्याकाळी अर्धा-अर्धा तास, रजिस्टर, लॉगबुक आणि तो एक फोन. बाकी सगळ्यांशी बसणं सीझन संपताना, बाहेरगावची माणसं घरी जायच्या आधी. गेल्यावर कोणाला विचारणार?

प्रश्न: मी दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापिका आहे. डिसेंबर आमच्यासाठी वर्षाचा शेवट नाहीच, तरी सगळे स्टेटस टाकतात म्हणून मलाही काही तरी लिहावंसं वाटतं. लिहू का?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर: ताई, डिसेंबर सोडून द्या. तुमचं वर्ष निकालाला संपतं आणि आपल्याकडे उन्हामुळे शाळा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडते, म्हणजे मधे चांगला वेळ मिळतो. पण तेव्हा एकट्या बसू नका. तुमच्या सोबतचे सर किंवा मॅडम जे कोणी आहेत त्यांना निकालाच्या दिवशी, मुलं घरी गेल्यावर, त्याच वर्गात बसून एवढंच विचारा की वर्षभरात माझ्यामुळे तुमचं कोणतं काम अडलं. दोनच माणसं असली की एकमेकांना दुखवायचं नाही म्हणून बोलणंच बंद होतं, मी अशा शाळा बघितल्या आहेत. आधी तुम्ही तुमची एक चूक सांगा, तारखेसकट.