वटवाघळं ऐकायचीत? आधी माइक बघ

फोनवर रेकॉर्ड केलं आणि सॉफ्टवेअरला वटवाघळं सापडलीच नाहीत म्हणतोस? अरे, सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही. फोनचा माइक साधारण २४ किलोहर्ट्झच्या वरचं टिपतच नाही, आणि छोटी वटवाघळं बहुधा त्याच्या वरच बोलतात. अल्ट्रासोनिक माइक (आपल्याला ऐकू न येणारे उंच आवाज टिपणारा) घे की, सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतो ते, २५६ किंवा ३८४ किलोहर्ट्झ.

बॅटडिटेक्ट२ (रेकॉर्डिंगमधून वटवाघळांचे आवाज शोधणारं सॉफ्टवेअर) टाकताना पायथॉनचं वेगळं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे बाकीच्या प्रोग्रामांपासून वेगळी जागा, कर. मी नाही केलं, अख्खा रविवार गेला. त्याचं तयार मॉडेल ब्रिटनच्या वटवाघळांवर शिकलंय. 'आवाज आहे' म्हणालं तर घे, जातीचं नाव सोडून दे.

दिवेलागणीला सिद्धेश्वर तलावाच्या काठी अर्धा तास रेकॉर्ड कर. मग स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचं चित्र: आडवा वेळ, उभी पट्टी) डोळ्यांनी बघ:
- वरून खाली घसरणारी तिरपी रेघ: बहुतेक वटवाघूळ
- एकाच पट्टीत सलग करकर: रातकिडा

झाडाला लटकलेली मोठी, फळं खाणारी मात्र यात सापडायची नाहीत.