सुवर्णपदक तिसऱ्या पानावर कशाला?

प्रश्न: ताई नमस्कार, मी बारामतीची. यंदा एमएस्सी झाले, ऑरगॅनिक केमिस्ट्री, सीजीपीए ८.९७ आणि विषयात विद्यापीठात पहिली आले, सुवर्णपदक जाहीर झालंय पण पदवीदान अजून व्हायचंय. बीएस्सीला इन्स्पायर स्कॉलरशिप होती, दहावीला ९४.२० टक्के, चौथीला शिष्यवृत्ती, नववीत होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेचं सिल्व्हर मेडल, शिवाय निबंध, वक्तृत्व वगैरे. कुरकुंभ एमआयडीसीत क्यूसीसाठी (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणं) अर्ज करतेय. रेझ्युमे तीन पानी झालाय. मैत्रीण म्हणते मेडलं काढून टाक, कंपनीत कोण बघतंय. पप्पा म्हणतात एकही सर्टिफिकेट गाळू नकोस. कोणाचं ऐकू?

उत्तर: आधी मनापासून अभिनंदन गं! तुझा रेझ्युमे पाहिला आणि जीव हळहळला, कारण सुवर्णपदक तिसऱ्या पानावर, रांगोळी स्पर्धेच्या खाली, नुसतं 'गोल्ड मेडलिस्ट' एवढंच. कशाचं, कोणी दिलं, कितीजणांत, काहीच नाही. मी बरीच वर्षं भरतीचं काम केलंय, समोर दोनशे अर्ज असले की तिसऱ्या पानापर्यंत कोणी जात नाही, पहिल्या अर्ध्या पानात काय दिसतं त्यावरच फोन करायचा की नाही ते ठरतं. म्हणून ते वर आण, शिक्षणाच्या रकान्यात एमएस्सीच्या लगेच खाली, आणि पूर्ण लिही: 'ऑरगॅनिक केमिस्ट्रीत विद्यापीठात प्रथम, सुवर्णपदक', आणि किती विद्यार्थ्यांमध्ये तो आकडा विद्यापीठाकडून मिळाला तर तोही. मैत्रिणीचं ऐकू नकोस. क्यूसीत नेमकेपणा लागतो आणि दोन वर्षं तो टिकवल्याचाच हा पुरावा आहे.

आता इन्स्पायर. हे तू एका शब्दात उरकलंयस आणि मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटलं. बारावीला बोर्डात वरच्या १ टक्क्यात असलेल्या आणि पुढे मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांना केंद्र सरकार ही स्कॉलरशिप देतं, वर्षाला ८० हजार, हे एचआरच्या माणसाला माहीत असेलच असं नाही, तेव्हा 'बोर्डात वरच्या १ टक्क्यात' हे लिहायचंच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या ८० हजारांतले २० हजार उन्हाळ्यातल्या रिसर्च प्रोजेक्टसाठी असतात. म्हणजे तू कुठल्यातरी लॅबमध्ये मेंटॉरच्या हाताखाली काम केलं असशील ना? मग ते कुठंय? एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) चालवलं का, यूव्ही यंत्रावर रीडिंग घेतली का, टायट्रेशन किती केली, ते दोन ओळींत लिही. क्यूसीचा मॅनेजर मेडल बघून खूश होईल, पण इंटरव्ह्यूला बोलावेल तो या दोन ओळींमुळे.

दहावी-बारावीचे टक्के शिक्षणाच्या तक्त्यात राहू देत, आपल्याकडे कंपन्यांच्या फॉर्ममध्ये ते विचारतातच. चौथीची शिष्यवृत्ती, निबंध, वक्तृत्व काढ. होमी भाभा जागा उरली तर एका ओळीत, नाहीतर तेही नको. पप्पांना वाईट वाटेल हे मला कळतं, त्यांनी ती सगळी सर्टिफिकेटं वर्षानुवर्षं फाइलमध्ये जपून ठेवली असणार, तर त्यांना सांग की फाइल इंटरव्ह्यूला सोबत येणारच आहे, फक्त कागदावर निवडक लिहितेय.

सीजीपीए ८.९७ चं ९ करू नकोस, मार्कशीट तपासतात तेव्हा अशा छोट्या फरकानेच माणूस संशयात येतो. आणि टक्के काढताना सरळ ९.५ ने गुणू नकोस, ते सूत्र सीबीएसईच्या दहावीचं होतं, बरीच मुलं डिग्रीलाही तेच लावतात. तुझ्या विद्यापीठाचं सूत्र मार्कशीटच्या मागे छापलंय का बघ, नसेल तर परीक्षा विभागात विचार, तोपर्यंत नुसता सीजीपीए लिही, १० पैकी.

पदवीदान झालं नाही म्हणून पदक लपवायचं कारण नाही. विद्यापीठाने यादी लावली असेल तर 'सुवर्णपदक जाहीर' असं महिना-वर्ष घालून लिही, यादीची प्रत फाइलमध्ये ठेव, आणि पदक हातात आलं की 'जाहीर' शब्द काढून टाक.