७२० ला विभाजक किती, आणि घातांकात तो ‘एक’ का मिळवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी आठवीत आहे, शिष्यवृत्तीची तयारी चालू आहे. सरावात ‘७२० ला एकूण किती विभाजक आहेत?’, म्हणजे किती संख्यांनी ७२० ला निःशेष भाग जातो, असं विचारलं होतं. पुस्तकाच्या मागे उत्तर ३० दिलंय, पण तुम्ही दोघांनी रात्री बसून वहीत मांडले तर २८ च भरले. पुस्तक म्हणतं, मूळ अवयव पाडा, प्रत्येक घातांकात १ मिळवा आणि गुणा. तो एक कुठून आला हे मात्र पुस्तक सांगत नाही.

आधी घरातलं भांडण मिटवतो. पुस्तक बरोबर आहे, ३० च. तुम्ही पूर्ण यादी दिलीत ते बरं झालं. तीत १५ नंतर एकदम १८ आहे आणि ४० नंतर एकदम ४८. म्हणजे १६ आणि ४५ राहिले. १६ × ४५ = ७२०, ताळा करून बघा. ही जोडी फार जणांची निसटते. पंधरा अठ्ठेचाळीसपर्यंत माणूस नेटाने येतो, मग सोळाने भागून बघायचा कंटाळा करतो आणि थेट अठरावर उडी मारतो.

आता सूत्राकडे. मी घरी शिकवणी घेतो आणि खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मीही ‘एक मिळवा, गुणा’ असंच पोपटासारखं शिकवत होतो. एका मुलाने विचारलं, “एकच का? दोन का नाही मिळवायचे?” मी त्याला ‘सूत्रच तसं आहे’ म्हणून गप्प बसवलं. दोन दिवस ते मनात टोचत राहिलं. मग एका लग्नाच्या पंगतीत पानावर बसलो असताना उत्तर सापडलं. तेव्हापासून मी हे पंगतीवरच शिकवतो.

७२० चे मूळ अवयव पाडले की मिळतं: २ × २ × २ × २ × ३ × ३ × ५. कुठली मूळ संख्या किती वेळा आली तो तिचा घातांक: २ चा ४, ३ चा २, ५ चा १. आता समजा, पंगतीत तुम्ही एकटेच बसला आहात आणि वाढप्याच्या ताटात चार जिलब्या, दोन भजी आणि एक पापड आहे. प्रत्येक जिलबीची किंमत २, भज्याची ३, पापडाची ५. पानात जे पडेल त्या किमतींचा गुणाकार करायचा. बेरीज नव्हे, गुणाकार. दोन जिलब्या आणि एक भजं घेतलंत तर २ × २ × ३ = १२. तीन जिलब्या आणि पापड घेतलात तर ४०. पानात काहीही वाढून घ्या, येणाऱ्या संख्येने ७२० ला निःशेष भाग जातोच, कारण तिचे सगळे अवयव ७२० मधूनच आलेत.

वाढपी विचारतो, “जिलबी किती?” तुम्ही एक म्हणाल, दोन, तीन, चार म्हणाल. आणि पाचवं उत्तर? पानावर हात आडवा धरून ‘नको’. जिलब्या चारच आहेत, पण उत्तरं पाच आहेत. भजी दोन, उत्तरं तीन. पापड एक, उत्तरं दोन. तो मिळवलेला एक म्हणजे हा ‘नको’. जिलबीला काहीही उत्तर दिलंत तरी भज्यांची तीनही उत्तरं मोकळी असतात आणि त्या प्रत्येकासोबत पापडाची दोनही. म्हणून ५ × ३ × २ = ३०.

सगळ्यालाच नको म्हटलं तर? पान रिकामं, तरीही त्याची किंमत १ धरायची, शून्य नाही. इथे मुलं हमखास अडतात. बेरजेची सुरुवात ० पासून होते, गुणाकाराची १ पासून. अजून काहीच गुणलेलं नाही तेव्हा हातात १ असतो. तो १ प्रत्येक संख्येचा विभाजक असतोच. आणि सगळं वाढून घेतलंत की पूर्ण ७२०.

वहीत शोधत बसण्याऐवजी हीच पानं ओळीने मांडा, म्हणजे काही राहणार नाही. प्रत्येक ओळीत जिलब्या नको, एक, दोन, तीन, चार अशा वाढत जातात:

फक्त जिलब्या: १, २, ४, ८, १६
एक भजं: ३, ६, १२, २४, ४८
दोन भजी: ९, १८, ३६, ७२, १४४
पापड: ५, १०, २०, ४०, ८०
पापड आणि एक भजं: १५, ३०, ६०, १२०, २४०
पापड आणि दोन भजी: ४५, ९०, १८०, ३६०, ७२०

तुमचे हरवलेले दोघे बघा कुठे बसलेत. १६ वरच्या ओळीच्या शेवटी, ४५ खालच्या ओळीच्या सुरुवातीला, अगदी समोरासमोरचे कोपरे. १६ च्या पानात चारही जिलब्या आहेत आणि बाकी काही नाही. मग वाढप्याच्या ताटात काय उरलं? दोन भजी आणि पापड, म्हणजेच ४५. प्रत्येक विभाजकाचा जोडीदार म्हणजे ताटातलं उरलेलं. म्हणून एक निसटला की दुसराही निसटतो आणि चूक बहुतेक वेळा दोनाच्या पटीत होते. हाताने शोधायचेच असतील तर ७२० च्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे २६ पर्यंतच भागून बघायचं. तिथवर १५ सापडतात आणि प्रत्येकाचा जोडीदार पलीकडे बसलेला असतो.

कधी पानात आणि ताटात अगदी सारखं पडू शकतं का? सगळे पदार्थ सम असतील तरच. ३६ घ्या: दोन जिलब्या, दोन भजी. एकेक पानात, एकेक ताटात, दोन्हीकडे ६. हा ६ स्वतःचाच जोडीदार, म्हणून ३६ ला ९ विभाजक, विषम. वर्गसंख्येला नेहमी विषमच विभाजक असतात आणि दुसऱ्या कुठल्याही संख्येला तसे नसतात, त्याचं कारण एवढंच. २०२५ म्हणजे ४५ चा वर्ग, चार भजी आणि दोन पापड, ५ × ३ = १५ विभाजक. शेजारच्या २०२४ ला १६ आहेत, २०२६ ला फक्त ४ आणि २०२७ तर मूळ संख्याच, २. शेजाऱ्यावरून काही अंदाज बांधता येत नाही.

आता एक खड्डा. शिकवणीत दरवर्षी निदान एक जण तरी ७२० = ८ × ९ × १० असं फोडतो (दिसायला किती सुंदर दिसतं!) आणि प्रत्येकात एक मिळवून २ × २ × २ = ८ असं उत्तर काढतो. ८, ९, १० या मूळ संख्या नाहीत, इथेच घसरगुंडी. म्हणजे जिलब्या-भजी सुटी न करता पाकिटं बांधून ठेवल्यासारखं झालं. ‘तीन जिलब्या एकत्रच घ्या नाहीतर राहू द्या’ असं म्हणणारा वाढपी कुठे असतो का? उलट बाजूनेही बिघडतं. एखाद्याने ६ हाही एक पदार्थ मांडला, तर एक जिलबी-एक भजं आणि तो ६ ही दोन वेगळी पानं दिसतील, किंमत मात्र एकच, आणि तोच विभाजक दोनदा मोजला जाईल. पदार्थ मूळ संख्यांचे असले की असं होत नाही. वेगळं पान, वेगळी संख्या. कुठलीही संख्या मूळ अवयवांत एकाच प्रकारे फुटते हा जो नियम पुस्तकात एका ओळीत येतो आणि मुलं वाचून पुढे जातात, त्याच्याच जिवावर हे सूत्र उभं आहे.

परीक्षेत याच प्रश्नाला वेगवेगळे कपडे घालून आणतात. ७२० चे सम विभाजक किती? सम हवा तर जिलबीला नको म्हणायची सोय नाही, म्हणून ४ × ३ × २ = २४. उरलेले ६ विषम. ६ ने भाग जाणारे विभाजक? किमान एक जिलबी आणि किमान एक भजं सक्तीचं: ४ × २ × २ = १६. वर्गसंख्या असलेले? जिलब्या ०, २ किंवा ४, भजी ० किंवा २, पापड नाहीच: ३ × २ × १ = ६. वरच्या मांडणीतून मुलीला ते सहा शोधायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि प्रश्नाची भाषा नीट वाचायला शिकवा, गुण तिथे जातात. ७२० चे वेगवेगळे मूळ अवयव तीनच (२, ३, ५), तेच पुनरावृत्तीसह सात, आणि विभाजक तीस. काही पुस्तकं विभाजकांनाही नुसतं ‘अवयव’ म्हणतात, तिथे संदर्भ बघावा लागतो. ‘१ आणि ती संख्या सोडून’ असं असेल तर २८. तुमचं उत्तरही २८ च होतं म्हणून हे मुद्दाम सांगतो. योगायोगाने बरोबर ठरलं असतं आणि १६-४५ कायमचे हरवले असते.

७२० हीच संख्या प्रश्नात का येते, याचंही कारण आहे. तिच्याहून लहान एकाही संख्येला ३० विभाजक नाहीत. १, २, ४, ६, १२, २४, ३६, ४८, ६०, १२०, १८०, २४०, ३६०, ७२० या सगळ्या अशाच, मागच्या सगळ्यांना मागे टाकणाऱ्या. तासाची ६० मिनिटं, दिवसाचे २४ तास, वर्तुळाचे ३६० अंश, डझनातले १२ असे आपल्या वापरात त्या जागोजागी भेटतात. वाटे करायला सोप्या असतात ना. आपला जुना रुपया या यादीत नाही, पण वाटे करायला तोही बरा होता. १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. १९२ म्हणजे सहा जिलब्या आणि एक भजं, ७ × २ = १४ विभाजक. तीन भावांत रुपया वाटायचा तर प्रत्येकी पाच आणे चार पै, चोख. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. १०० ला विभाजक ९ आणि त्यांत ३ नाहीच, तेव्हा तिघांत एक पैसा कायम उरणार. हिशेब लिहायला शंभर सोपे, वाटायला १९२ सोपे. माझं मत विचाराल तर शाळेत हे दोन्ही शेजारी ठेवून दाखवावेत.

या मागच्यांना मागे टाकणाऱ्या संख्यांचा खोलात जाऊन अभ्यास केला तो श्रीनिवास रामानुजन यांनी. केंब्रिजमध्ये असताना १९१५ साली त्यांनी यावर मोठा निबंध प्रसिद्ध केला आणि त्याच कामावर १९१६ मध्ये त्यांना तिथली बी. ए. पदवी मिळाली. अशा संख्येत मूळ अवयव लहानापासून सलग लागतात, कुठली मूळ संख्या मध्येच गाळता येत नाही, आणि घातांक पुढे पुढे वाढत नाहीत. पंगतीच्या भाषेत, स्वस्त पदार्थ जास्त, महाग पदार्थ कमी. ७२० मध्ये ४, २, १ असे उतरते आहेतच. निबंधात त्यांनी अशा शंभरएक संख्यांची यादी दिली, शेवटची ६७४६३२८३८८८००. हे सगळं हाताने.

आणि तुमच्या मुलीला हे नक्की सांगा: त्या यादीतही एक राहिली होती. २९३३१८६२५६००, म्हणजे सुमारे २९,३३२ कोटी. तिचे अवयव सहा वेळा २, चार वेळा ३, दोनदा ५, दोनदा ७, आणि ११, १३, १७, १९ एकेकदा. उत्तरं मोजा: ७ × ५ × ३ × ३ × २ × २ × २ × २ = ५०४० विभाजक.

हा ५०४० देखील त्याच यादीतला. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने आपल्या आदर्श नगरात ५०४० च घरं असावीत असं लिहिलं, कारण १ ते १० सगळ्यांनी त्याला भाग जातो. ११ ने जात नाही, त्यावर दोन घरं वजा करा म्हणजे तेही जमेल, अशी वाटही त्याने सांगितली आहे. ५०३८ भागिले ११, येतात ४५८. ५०४० ला स्वतःला विभाजक किती, हे मात्र मुलीला काढू द्या. फोडायला बसू नका म्हणावं, ५०४० म्हणजे ७२० × ७. पान तेच, चार जिलब्या, दोन भजी, एक पापड. फक्त वाढपी आता सात किमतीचा एक लाडू घेऊन आलाय, आणि लाडवाला उत्तरं दोनच: हो किंवा नको.