टाकीत पेट्रोल आहे, पण खाली काय बसलंय?

प्रश्न : काका नमस्कार. मी गंगापूर रोडला राहतो. आम्ही तिघा मित्रांनी मिळून मालवणहून एक जुनी टू-स्ट्रोक जेट स्की आणली, दोन सिलिंडर दोन कार्बोरेटरवाली, ऑइल आम्ही टाकीतच मिसळतो. मे महिन्यात झकास पळाली. मग पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी, टाकी अर्धी भरलेली तशीच. दिवाळीनंतर काढली तर चोक देऊन सुरू होते, आयडलला पण राहते, पण अर्ध्याच्या पुढे थ्रॉटल दाबला की भ्वॉ करून बसते. सोडून परत दाबला की क्षणभर उचलते आणि पुन्हा तेच. प्लग बदलून झाले. गॅरेजवाला म्हणतो इंजिन गेलं, खोलावं लागेल. खोलू का?

उत्तर : नको खोलूस. निदान आज तरी नको. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे "जरा दाबून बघू, सुटेल कचरा" असं करत फुल थ्रॉटल देऊ नकोस, कारण पेट्रोल कमी आणि हवा जास्त अशा अवस्थेत टू-स्ट्रोक जोरात पळवलं की पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो, आणि मग गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं ठरतं.

तुझ्या पत्रात मला एकच वाक्य खटकलं, टाकी अर्धी तशीच. आता पंपावर जे साधं पेट्रोल मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं. इथेनॉल पाणी ओढतं. टाकीतल्या रिकाम्या अर्ध्या भागात दमट हवा, आणि नाशिकचा पावसाळा म्हणजे चार महिने कपडे वाळत नाहीत. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाला बसतं, आणि पेट्रोल ओढणारी नळी पण तळालाच. गंमत अशी की टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं, म्हणजे खालचं जे इंजिनात जातंय त्यात ऑइल जवळपास नाहीच!

तेव्हा आधी सीट काढ आणि पाच-दहा मिनिटं तशीच उघडी ठेव. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, हलच्या (बाहेरच्या सांगाड्याच्या) बुडाशी साचून राहते, आणि एक ठिणगी पुरते. हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी सांगणार. मग हातपंपाने टाकीच्या अगदी तळातलं अर्धा लिटर काचेच्या बरणीत काढ आणि तासभर हलवू नकोस. दोन थर दिसले, वर ऑइलचा रंग आणि खाली फिकट किंवा गढूळ, तर चोर सापडला. सगळी टाकी रिकामी कर, वॉटर सेपरेटरची (पेट्रोलमधलं पाणी वेगळं करणारी) वाटी खोलून पूस. काढलेलं पेट्रोल धरणात किंवा गटारीत ओतायचं नाही हां, गंगापूरचं पाणी आपणच पितो, बंद कॅनमध्ये घालून गॅरेजवाल्याला पार्ट धुवायला दे.

बरणीत काही दिसलं नाही तर पुढची परीक्षा. छोट्या कॅनमध्ये ताजं पेट्रोल-ऑइल घे (कंपनीने ५०:१ सांगितलं असेल तर लिटरला २० मिली) आणि नळी थेट कार्बोरेटरला लाव, मधला ऑन-रिझर्वचा नॉब, सेपरेटर, सगळं वगळून. अशी नीट पळाली तर दोष टाकीकडच्या बाजूला. तिथे मी आधी टाकीचं झाकण थोडं सैल करून बघतो, कारण हवा आत घेणारा व्हॉल्व्ह चिकटला की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल येणं बंद. मग नॉब, मग जुन्या नळ्यांना बारीक तडे, ज्यातून पेट्रोल गळत नाही पण हवा खेचली जाते आणि माणूस महिनाभर शोधत बसतो.

थेट कॅनवर पण बसतच असेल तर कार्बोरेटर. यातला पंपाचा पडदा क्रॅंककेसच्या (पिस्टनखालच्या पोकळीच्या) दाबावर हलतो, त्या दाबाची बारीक नळी चिरली तर आयडल चालतं आणि वर उपाशी, अगदी तुझ्यासारखं. आत एक छोटी जाळी पण असते, ती बऱ्याच मेकॅनिकना माहीतच नसते. दोन्ही कार्बोरेटर खोलून दुरुस्तीचं किट टाक, एकच नको.

कॉम्प्रेशन घ्यायला (सिलिंडरमधला दाब मोजायला) हरकत नाही, प्लग काढून दोन मिनिटांचं काम आहे, थ्रॉटल पूर्ण दाबून दोन्ही सिलिंडरला घे. आकडे जवळपास सारखे आणि मॅन्युअलमध्ये दिलेत तेवढे आले तर इंजिन खोलायचा विषय बहुतेक संपला.

पुढच्यासाठी : यामाहा काय, सी-डू काय, मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल म्हणतात. बिनइथेनॉलचं महाग पेट्रोल मिळालं तर उत्तम, नाहीतर त्या दिवसापुरतं भर आणि घरी आल्यावर टाकी नि कार्बोरेटर कोरडे कर. ई-२० वरच चालवायची तर कार्बोरेटरचा हाय-स्पीड स्क्रू पाव फेरा बाहेर घेऊन प्लग बघ, कॉफीचा रंग चांगला, पांढरा आला तर धोका.

प्रश्न : घरी जेट स्कीचं इंजिन नळ जोडून आतून धुताना मुलाने आधी नळ सोडला, मग स्टार्टर मारला. आता नुसतं "टक" होतं, फिरत नाही. बॅटरी चांगली आहे.

उत्तर : ताई, आता स्टार्टरला हात लावू नका. एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलंय, आणि पाणी दाबलं जात नाही, जोर केलात तर कनेक्टिंग रॉड वाकेल. दोन्ही प्लग काढा, वायरी अर्थला लावा, मग स्टार्टर मारा, पाणी पिचकारीसारखं उडेल, तोंड बाजूला ठेवा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टू-टी ऑइल सोडा, कोरडे प्लग लावा आणि आजच सुरू करून थोडं चालवा, उद्यावर टाकलं तर बेअरिंगला गंज. धुण्याचा क्रम असा : आधी इंजिन, मग नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. पाण्याशिवाय १५ सेकंदांपेक्षा जास्त नाही.

प्रश्न : इंजिन जोरात ओरडतं पण गाडी पुढे सरकत नाही. कार्बोरेटर?

उत्तर : नाही हो. खाली वाकून बुडाची, पाणी ओढायची जाळी बघा, पाणवेली नाहीतर प्लास्टिकची पिशवी असेल. इंजिन बंद करून, लॅनयार्ड (मनगटाला बांधायची इंजिन बंद करणारी दोरी) काढून मगच हात घाला.