ध्वजदिनाच्या डब्यापासून दिवाळीच्या फराळापर्यंत : सैनिकांसाठी देताना पडणारे प्रश्न

सात डिसेंबर, म्हणजे सशस्त्र सेना ध्वजदिन, जवळ आला की या विषयावरची पत्रं वाढतात. १९४९ पासून हा दिवस पाळला जातो. या वेळी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना उत्तरं देत आहोत. काही पत्रं थोडी कापली आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीत जवानांसाठी एक्केचाळीस हजार रुपये जमले आहेत. एका सभासदाने व्हॉट्सॲपवर आलेला खाते क्रमांक दिला. ‘या खात्यात रोज एक रुपया टाका, त्यातून लष्कराला शस्त्रं घेता येतील,’ असं त्यात म्हटलंय. तिथे पाठवावेत का?
— सचिव, गृहरचना संस्था, कोथरूड

पाठवू नका. हा मेसेज कपडे बदलून वर्षानुवर्षं फिरतोय. पहलगामच्या हल्ल्यानंतर, २०२५ च्या एप्रिलमध्ये, तो पुन्हा उफाळला तेव्हा संरक्षण मंत्रालयाला जाहीर खुलासा करावा लागला. शस्त्रखरेदी अर्थसंकल्पातून होते, वर्गणीतून नाही. मेसेजमध्ये ज्याचा आधार घेतलेला असतो तो निधी खरा आहे, ‘आर्म्ड फोर्सेस बॅटल कॅज्युअल्टीज वेल्फेअर फंड’. पण तो लढाईत कामी आलेल्या किंवा अपंगत्व आलेल्या सैनिकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी आहे. त्याचं अधिकृत संकेतस्थळ ‘माँ भारती के सपूत’ या नावाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं. तिथूनच पैसे भरा. खाते क्रमांक फॉरवर्डमधून उचलू नका, एक आकडा बदललेला कोणाच्याही लक्षात येत नाही. पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो का ते बघा आणि यूपीआयवर पिन टाकण्याआधी समोर कोणाचं नाव उमटतंय ते वाचा. तिथे व्यक्तीचं नाव दिसलं तर मागे फिरा.

पैसे कशासाठी द्यायचे आहेत, हे आधी ठरवलंत तर निधी आपोआप ठरतो. ध्वजदिन निधीतून प्रामुख्याने माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांची मुलं यांना अनुदानं मिळतात. तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पावती घेऊन भरता येतो किंवा केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावरून. १९६२ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय संरक्षण निधी वेगळा. माजी सैनिकांच्या मुलांना व्यावसायिक पदवीसाठी मिळणारी पंतप्रधान शिष्यवृत्ती त्यातून दिली जाते : मुलींना महिन्याला ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये.

आणखी एक घोळ नेहमी होतो. आपण सगळ्यांनाच ‘जवान’ म्हणतो, पण सीआरपीएफ, बीएसएफ, आयटीबीपी ही दलं गृह मंत्रालयाची. पुलवामात २०१९ मध्ये गेलेले चाळीसही जवान सीआरपीएफचे होते. त्यांच्या कुटुंबांसाठी ‘भारत के वीर’ हे स्वतंत्र दालन २०१७ पासून आहे. तिथे विशिष्ट जवानाच्या कुटुंबाच्या खात्यात थेट पैसे देता येतात आणि एका कुटुंबासाठी १५ लाखांची मर्यादा आहे. चर्चेत आलेल्या दोन-तीन नावांवर सगळा ओघ जाऊ नये म्हणून ती घातली, हे शहाणपणाचं झालं.

सोसायटीसाठी आमचा सल्ला : एकत्र रक्कम सोसायटीच्या नावाने भरलीत तर पावती सोसायटीची होते आणि सभासदांना कर-वजावट मिळत नाही. अजून पैसे गेले नसतील तर ज्याचे त्याला परत करा आणि प्रत्येकाला आपापल्या खात्यातून, आपल्या पॅनवर भरायला सांगा. हिशेब ठेवण्याची कटकटही वाचेल.

प्रश्न : त्याच करसवलतीबद्दल. शंभर टक्के वजावट कुठे मिळते?
— एक वाचक, सहकारनगर

राष्ट्रीय संरक्षण निधी, आर्मी सेंट्रल वेल्फेअर फंड, इंडियन नेव्हल बेनेव्होलंट फंड आणि एअर फोर्स सेंट्रल वेल्फेअर फंड यांना शंभर टक्के. नोंदणीकृत खासगी विश्वस्त संस्थेला दिलेल्या देणगीवर सहसा पन्नास टक्के, तीही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. दोन हजारांवर रोख दिलं तर वजावट शून्य. आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर हा सगळा हिशेब सोडून द्या, तिथे ही वजावटच नाही. देणगी द्या, वजावटीसाठी देऊ नका.

प्रश्न : माझी मावशी भोर तालुक्यात राहते, वय एकाहत्तर. काका फौजेत नाईक होते, साधारण नऊ वर्षं नोकरी करून घरी आले. पेन्शन नव्हती. ते वारले. मावशीला कोणी दरमहा मदत करणारी संस्था आहे का?
— एक वाचक, धनकवडी

संस्था शोधण्याआधी काकांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, शोधा. ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या खणात, जिथे असेल तिथून. त्यात दोन गोष्टी बघायच्या.

पहिली, ‘रिझर्व्ह’चा उल्लेख. त्या पिढीत सात-दहा वर्षं प्रत्यक्ष नोकरी करून पुढची वर्षं राखीव म्हणून नोंद ठेवायची पद्धत होती. नोकरी आणि राखीव काळ मिळून पंधरा वर्षं भरत असतील तर रिझर्व्हिस्ट पेन्शनचा आणि त्यामागून कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क निघू शकतो. हे हक्काचे पैसे असताना देणगी मागत बसणं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

दुसरी, सेवा संपल्याचं कारण. मुदत पूर्ण झाल्यामुळे किंवा कपातीमुळे सोडलं, असं असेल तर सहसा ‘माजी सैनिक’ धरतात. ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असा शेरा असेल आणि पेन्शन नसेल तर अडचण येते. निरनिराळ्या काळात सेवा सोडलेल्यांना वेगवेगळे निकष लागू आहेत, म्हणून पुस्तकाचं ते पान कार्यालयात दाखवूनच खात्री करा.

पेन्शन बसत नसेल, तर केंद्रीय सैनिक बोर्डाची पेन्युरी ग्रँट, म्हणजे हलाखीत असलेल्यांसाठीचं मासिक अनुदान, आहे. हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याचे, ६५ वर्षांवरचे, पेन्शन नसलेले माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांच्यासाठी ती आहे. महिन्याला ४,००० रुपये होती, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० झाली, आणि ती हयातभर मिळते. हा पैसा ध्वजदिन निधीतूनच येतो. चौकात डब्यात टाकलेल्या नोटेचं पुढे काय होतं, असं विचारणाऱ्यांना हे उत्तर.

मावशीकडे वीरपत्नी किंवा माजी सैनिक विधवा म्हणून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र नसेल तर आधी ते काढा, त्याशिवाय पुढे सरकत नाही. मग बोर्डाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून अर्ज भरायचा. सोबत डिस्चार्ज बुकची सगळी पानं (फक्त पहिलं नव्हे), काकांचा मृत्यू दाखला, आधार, वयाचा पुरावा आणि पासबुकाचं पहिलं पान. खातं राष्ट्रीयीकृत बँकेतलं द्या. पतसंस्थेचं चालत नाही. अर्ज जिल्ह्यात तपासला जातो, तिथून राज्याच्या सैनिक कल्याण विभागाकडे आणि मग दिल्लीला.

अर्ज अडतो तो जवळजवळ नेहमी नावावर. डिस्चार्ज बुकात ‘सोनुबाई’, आधारवर ‘सोनाबाई’, पासबुकावर माहेरचं आडनाव. किंवा लग्नाची नोंदच पलटणीच्या दप्तरी, ज्याला ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणतात तिच्यात, झालेली नाही. दुरुस्ती जिल्ह्यात होत नाही, पलटणीच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसात होते : बॉम्बे सॅपर्सचं आपल्या खडकीत, तोफखान्याचं नाशिक रोडला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. काकांचा आर्मी नंबर, प्रतिज्ञापत्र आणि विवाहाचा पुरावा जोडून अर्ज जिल्हा कार्यालयामार्फतच पाठवा. सुटा पाठवलेला कागद सापडत नाही. ऑनलाइन अर्ज मात्र नाव दुरुस्त होऊन आल्यावरच भरा. घाईत भरलेला परत येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पुस्तक अस्पष्ट झालं असेल तर मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवून, खिडकीशी, तिरप्या उजेडात फोटो घ्या. पुसट पेन्सिलीची अक्षरं त्यात बरीच उठून येतात.

प्रश्न : निवृत्त हवालदार आहे, पेन्शन आहे. मुलीचं लग्न गेल्या महिन्यात झालं. अनुदान मिळतं असं ऐकलं.
— एक माजी सैनिक, भोसरी

मिळतं, केंद्रीय सैनिक बोर्डाकडूनच. हवालदार हुद्द्यापर्यंत, दोन मुलींपर्यंत, आता प्रत्येकी एक लाख. अर्ज लग्नाच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत हवा. निमंत्रणपत्रिका पुरत नाही, विवाह नोंदणीचा दाखला लागतो आणि लोक हे पाचव्या महिन्यात शोधतात. आधी महापालिकेत नोंदणी उरका.

प्रश्न : यंदा आम्ही बचत गटाच्या बायकांनी सियाचीनच्या जवानांना फराळाचे बारा खोके पाठवले. तीन परत आले, बाकीच्यांचा पत्ता नाही. काय चुकलं?
— एक वाचिका, सिंहगड रस्ता

ताई, पत्ता चुकला. ‘जवान, सियाचीन’ असा टपालाचा पत्ताच नसतो. सैन्याचं टपाल ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे सैन्याचं टपाल कार्यालय) मार्फत जातं. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, मग ‘द्वारा ५६ एपीओ’ आणि ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिन. ठिकाणाचं नाव लिहायचंच नाही, सुरक्षेसाठी. ओळखीचा जवान नसेल तर माजी सैनिक संघटनेमार्फत एखाद्या पलटणीशी आधी बोलून, त्यांनी दिलेल्या पत्त्यावर एकगठ्ठा पाठवा. आणि पलटणीचं नाव दिसणाऱ्या खोक्याचा फोटो समाजमाध्यमावर टाकू नका.

आता फराळ. तो कधी पोचेल याचा भरवसा नाही, म्हणून महिनाभर टिकेल तेच घाला. शंकरपाळी उत्तम, जातानाही तुटत नाही. बेसन लाडू चालतो, पण बेसन कच्चं राहिलं की वास येतो. मंद आचेवर खमंग भाजा आणि पूर्ण गार झाल्यावरच भरा. गरम भरलेल्या डब्याच्या झाकणाला आतून पाणी सुटतं आणि बुरशी तिथून धरते. ओल्या नारळाची करंजी नको. चिवड्यात खोबऱ्याचे काप आणि शेंगदाणे आधी खवट होतात, म्हणून ते वगळून डाळं वाढवा. चकलीची अडचण चवीची नाही, तेलाची. एकदा वापरलेल्या तेलात तळलेली चकली लवकर खवटते. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतून हवा जाते, म्हणून आतून चंदेरी थर असलेल्या जाड पिशव्या सीलरने बंद करा. रिकाम्या जागेत चुरगाळलेला कागद दाबून भरा. खोकं हलवून आतलं काही वाजत असेल तर ते अजून नीट भरलेलं नाही.

लोणचं, तूप, तेल आणि पॉवर बँक घालू नका. एका बरणीचं तेल गळलं की दुसऱ्यांची पत्रंही जातात.

प्रश्न : वडिलांच्या वर्षश्राद्धाला खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्रात दहा व्हीलचेअर द्यायच्या आहेत. कोणत्या घ्याव्यात?
— एक वाचक, औंध

आधी केंद्राच्या कार्यालयात फोन करून गरज विचारा, मगच दुकानात जा. १९७४ पासून चालणाऱ्या या केंद्रात मणक्याला इजा झालेले माजी सैनिक राहतात. त्यांच्यासाठी खुर्ची म्हणजे दिवसाचे दहा-बारा तास बसायची जागा. औषधाच्या दुकानात मिळणारी घडीची खुर्ची रुग्णाला वॉर्डातून न्यायला बनवलेली असते. ती जड, रुंद, आणि स्वतः ढकलणाऱ्याचे खांदे वर्षभरात दुखवणारी.

नीट खुर्ची मापाने घेतात. बैठकीची रुंदी बसल्यावरच्या कमरेच्या रुंदीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच जास्त, खोली गुडघ्यामागे तीन-चार बोटं मोकळी राहतील इतकी, पायठेवणी जमिनीपासून किमान पाच सेंटिमीटर वर. रुंद खुर्चीत माणूस एका कुशीवर कलतो आणि कण्याला बाक येतो. मापं व्यक्तीगणिक वेगळी, म्हणून एकसारख्या दहा खुर्च्या बहुधा दहाजणांना चुकीच्या बसतात.

खुर्चीहून महत्त्वाची उशी. इजेखालच्या भागाला संवेदना नसते, त्यामुळे बसून बसून रक्तपुरवठा तुटला तरी कळत नाही. कातडी लाल होते, मग फुटते आणि अशी जखम भरायला महिने लागतात. हवेची किंवा जेलची चांगली उशी महाग असते, झिजते, आणि देणगीदाराला तिचा फोटो काढावासा वाटत नाही, म्हणूनच ती कमी पडते. तेच कॅथेटर, युरिन बॅग, टायर-ट्यूब आणि पुढच्या लहान चाकांच्या बेअरिंगचं. खुर्च्यांचे पैसे या सामानात वळवता येतील का, हे विचाराच. तिथले काहीजण तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. ती विकत घ्या. कृत्रिम पायांसाठी मात्र वर्गणी जमवू नका. ते काम १९४४ पासून लष्कराचं पुण्यातलंच कृत्रिम अवयव केंद्र करतं.

प्रश्न : मंडळाने गणेशोत्सवात शहीद जवानाच्या कुटुंबासाठी अडीच लाख जमवले. मंडपात धनादेश द्यायचा विचार आहे.
— कार्यकर्ते, नारायण पेठ

उत्सवाच्या वर्गणीला धर्मादाय कार्यालयाची कलम ४१क ची परवानगी घेतली असेल, तर तिच्या हिशेबात हा खर्च दाखवा. डबा वेगळा फिरवला असेल तर त्याचाही उल्लेख हवा.

धनादेश कोणाच्या नावाने काढताय, हे त्याहून नाजूक. जवानाच्या मागे पत्नी असते आणि आई-वडीलही असतात, आणि सरकारी रक्कम येते तेव्हा दोन्ही घरांत ताण असतो. मंडळाने घाईने एकाच्या हाती लिफाफा दिला की त्यात भर पडते. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना आधी भेटा, कोणाला काय मिळालंय ते विचारा. मुलगी दहा वर्षांखालची असेल तर आईने सुकन्या समृद्धी खातं उघडावं आणि तुम्ही त्यात रक्कम भरावी, पण वर्षाला दीड लाखाच्या वर चालत नाही. अडीच लाख दोन आर्थिक वर्षांत विभागा.

मंडपातला कार्यक्रम कुटुंबाला विचारूनच करा, आणि नको म्हणाले तर विषय सोडा. मंडळात वकील, सीए, महसूल खात्यातले लोक असतीलच. त्यांना कामाला लावा. सातबारावर वारस नोंद झाली नसेल तर गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तलाठ्याकडे, अर्ज द्यायला बरोबर जा. जवानाच्या नावावर घरकर्ज असेल तर त्याला विमा होता का, हे बँकेत लेखी विचारा. पहिल्या तेरा दिवसांत दारात गर्दी असते. ही कामं चौथ्या-पाचव्या महिन्यात निघतात, तेव्हा कोण जाणार ते आत्ताच ठरवून त्याचा फोन नंबर त्या घरी देऊन ठेवा.